पायलट व्हायचंय: विमान विकत घ्यावं की भाड्यानं उडवावं? संपूर्ण हिशेब

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीहून एका वडिलांचा प्रश्न आला आहे. मुलगी फिजिक्स-मॅथ्स घेऊन बारावी झाली, तिला पायलट व्हायचं आहे. प्रशिक्षण संस्थेचं कोटेशन पन्नास लाखांच्या घरात गेलं. घरात चार एकर विकायची बोलणी सुरू आहेत. तेवढ्यात कुणीतरी सल्ला दिला की, ‘‘एवढे पैसे भाड्यात घालवण्यापेक्षा जुनं सेसना घ्या. पोरगी शिकली की विकून टाका, पैसे परत.’’

सल्ला ऐकायला बिनचूक वाटतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण असाच विचार करतो आणि बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. म्हणून ‘नको’ एवढंच सांगून भागणार नाही. नको तर का नको, आणि मग भाड्याने उडवताना पैसे कुठे गळतात, हे दोन्ही नीट पाहू.

घाईत असाल तर उत्तर असं: भारतात राहून कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, घ्यायचं असेल तर एका विद्यार्थ्यासाठी विमान घेऊ नका. पैशाचं गणित जमत नाही आणि नियमही साथ देत नाहीत. परदेशात स्थायिक असलेल्यांसाठी चित्र थोडं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे.

नेमके किती तास लागतात?

डीजीसीएच्या नियमांप्रमाणे सीपीएलसाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुमची. या १०० मध्ये २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचे. त्यात एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, साधारण ५५० किलोमीटरचं, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरायचं. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेकऑफ आणि १० लँडिंग. फक्त उपकरणांकडे बघून उडवायचे १० तास, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात.

हा तास मोजतात कसा? जेसीबीवाल्याचा हिशेब ज्यांनी केलाय त्यांना पटकन कळेल. जेसीबीत डॅशबोर्डवर तासाचा मीटर असतो. इंजिन सुरू झालं की आकडा पळतो, बादली हलो वा न हलो. लहान विमानात असाच हॉब्स मीटर असतो. दुसरा असतो टॅकोमीटर, तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर हळू फिरताना त्याचा आकडा सावकाश सरकतो. एकच उड्डाण हॉब्सवर १.२ तास आणि टॅकोवर १.० तास दिसू शकतं. पैसे कोणत्या मीटरवर घेणार हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. २०० तासांत दहा टक्क्यांचा फरक म्हणजे २० तासांचं भाडं.

आधी नियम, कारण इथेच बहुतेकांचा बेत संपतो

गाडी शिकायला स्वतःची गाडी आणि शेजारी बसणारा अनुभवी काका पुरतो. विमानाचं तसं नाही. भारतात लायसन्ससाठीचं प्रशिक्षण डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतच घ्यावं लागतं. त्या संस्थेची विमानं, इन्स्ट्रक्टर, तळ, देखभालीची व्यवस्था हे सगळं मान्यतेचा भाग असतं. तुम्ही विमान घेऊन धाराशिवच्या धावपट्टीवर उभं केलंत आणि ओळखीच्या कॅप्टनला बोलावून शिकायला सुरुवात केलीत, तर ते तास सीपीएलच्या कामाला येतीलच असं धरून चालू नका.

मग विमान संस्थेलाच चालवायला द्यायचं का? संस्था भाडेपट्ट्यावर विमानं घेतात, पण ती तपासून, आपल्या ताफ्यात नोंदवून, आपल्या देखभालीखाली. एका विद्यार्थ्याच्या पालकाचं एकटंदुकटं जुनं विमान, त्यातही संस्थेकडे असलेल्या विमानांपेक्षा वेगळ्या मॉडेलचं, कोण घेईल? त्यांच्या इंजिनिअरला त्याच्यासाठी वेगळे सुटे भाग, वेगळी मॅन्युअल्स सांभाळावी लागतील. शिवाय ‘खासगी’ म्हणून नोंदलेलं विमान पैसे घेऊन दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. ‘आपली पोरगी शिकेल आणि उरलेल्या वेळात भाडंही येईल’ हा भाग तिथेच गळतो.

आता कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे. याउलट डीजीसीए-मान्य संस्थेच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमावर जीएसटी लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ५४ व्या बैठकीत हे स्पष्ट झालं. म्हणजे ५७ लाखांचं विमान परदेशातून आणलं तर ते करासकट ८० लाखांच्या आसपास जातं, आणि तेवढीच विद्या संस्थेत घेतली तर फीवर कर शून्य. ‘शिकली की विकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की विकताना समोरचा विमानाची किंमत देतो, तुम्ही भरलेल्या कराची नाही. (आणि संस्थेच्या कोटेशनमध्ये प्रशिक्षण फीवरच १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर कशापोटी ते लेखी विचारा. होस्टेल, जेवण, युनिफॉर्म यांचा हिशेब वेगळा असू शकतो.)

आता पैशाचं गणित

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्हाला मिळालेलं कोटेशन त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

समजा संस्था विमानाचं भाडं इंधनासकट तासाला १३,००० रुपये घेते, इन्स्ट्रक्टरची फी वेगळी. स्वतःचं विमान असलं तरी इन्स्ट्रक्टर लागणारच, म्हणून ती दोन्हीकडून वगळू.

स्वतःच्या विमानाला दर तासाला काय लागेल? सेसना १७२ सारखं चार आसनी विमान तासाला साधारण ३० ते ३५ लिटर इंधन पितं. हे पंपावरचं पेट्रोल नव्हे. बहुतेक लायकॉमिंग इंजिनांना अ‍ॅवगॅस १०० एलएल लागतं, शिसं मिसळलेलं खास पेट्रोल. भारतात ते बरीच वर्षं आयातच होत असे; इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये देशात बनवलेलं अ‍ॅवगॅस बाजारात आणलं. पण ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, अनेक ठिकाणी बॅरलने मागवावं लागतं. ३० लिटर आणि २०० रुपये लिटर धरलं तर ६,००० झाले. तेल, ५० आणि १०० तासांच्या तपासण्या, टायर, ब्रेक, प्लग यांचे २,५०० धरू.

मग येतो तो खर्च जो नवखा माणूस धरतच नाही: इंजिनाचा निधी. लायकॉमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० जातीच्या इंजिनाचं साधारण २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण ओव्हरहॉल करायची शिफारस असते. त्याला ३० लाख लागणार असतील तर प्रत्येक तासाला १,५०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. पडले नाहीत तर ते विकताना किमतीतून जातातच. एकूण झाले तासाला १०,०००.

म्हणजे भाड्याच्या तुलनेत तासाला ३,००० वाचले. इथवर सल्ला देणारा जिंकतो.

आता वर्षाचा ठरलेला खर्च, विमान उडो न उडो. ८० लाखांवर १० टक्के व्याज धरलं तर ८ लाख. स्वतःच्याच पैशांनी घेतलं तरी ते पैसे दुसरीकडे काहीतरी कमावत होते, तेव्हा हा आकडा सोडायचा नाही. विमा अडीच लाख. शिकाऊ पायलट उडवणार म्हटल्यावर विमा कंपनी हात आखडता घेते. हँगर किंवा पार्किंग ४ लाख. दरवर्षी नूतनीकरण करायचं एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, लायसन्सधारक इंजिनिअर, देखभालीचे कागद यांचे ५ लाख. बेरीज साडेएकोणीस लाख.

एका वर्षात २०० तास उडवले तर भाड्याने २६ लाख. स्वतःच्या विमानाने २० लाख अधिक साडेएकोणीस, म्हणजे साडेएकोणचाळीस लाख. साडेतेरा लाखांचा तोटा, आणि यात विमानाची उतरलेली किंमत धरलेलीच नाही.

बरोबरी कधी होईल? साडेएकोणीस लाखांना ३,००० ने भागा: ६५० तास. वर्षाला ६५० तास. प्रशिक्षण संस्थेचं चालतं विमान एवढे तास आरामात भरतं, कारण सकाळपासून एकामागून एक विद्यार्थी चढत असतात. एकट्या विद्यार्थिनीला एका वर्षात एवढे तास उडताच येणार नाहीत. अभ्यास, परीक्षा, मेडिकल, पाऊस सगळं मध्ये येतं. दोन एकर सोयाबीनसाठी कुणी हार्वेस्टर घेत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आणि खरा फटका उशिराचा. भारतात २०० तास वर्षात होतातच असं नाही, दीड-दोन वर्षं लागलेले कितीतरी आहेत. दीड वर्ष लागलं तर ठरलेला खर्च सव्वाएकोणतीस लाखांवर जातो आणि फरक सव्वातेवीस लाखांचा होतो. भाडेकरूच्या अंगावर उशिराचा होस्टेल खर्च पडतो, तोही वाईटच, पण मालकाचं मीटर रात्रीही चालू असतं.

चौघांनी मिळून घेतलं तर?

हा प्रश्न येणारच, कारण बोअर, पाइपलाइन, ट्रॅक्टर आपण भागीत घेतच आलोय. चौघं मिळून वर्षाला ८०० तास उडवले तर ठरलेला खर्च तासाला २,४४० च्या आसपास येतो, एकूण १२,४४०. भाड्यापेक्षा तासाला ५६० रुपये स्वस्त. २०० तासांत प्रत्येकाचे एक लाख बारा हजार वाचले.

एवढ्यासाठी चौघांचं एक विमान, एक इंजिन, एक मॅग्नेटो. तो बिघडला की चौघंही खाली. संस्थेत एक विमान दुरुस्तीला गेलं तर दुसरं मिळतं. शिवाय सकाळची थंड, स्थिर हवा चौघांनाही हवी असते. भाऊबंदकी जमिनीच्या बांधावरून होते तशी ती सकाळी सातच्या स्लॉटवरूनही होईल. हौसेने उडणाऱ्यांचे असे गट जगभर चांगले चालतात, कारण त्यांना घाई नसते. लायसन्ससाठी धावणाऱ्यांचं तसं नाही.

उभं विमान सडतं

जुनं विमान ‘फार कमी उडालेलं’ म्हणून कुणी दाखवलं की आपण खूश होतो. गाडीच्या बाबतीत ठीक आहे. लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बरेच दिवस बंद राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि दमट हवेत गंज धरतो. दहा वर्षांत ३०० तास उडालेल्या इंजिनापेक्षा तीन वर्षांत १,००० तास नियमित उडालेलं इंजिन बऱ्याचदा निरोगी निघतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे उड्डाणं कमी होतात, म्हणजे तुमचं विमान नेमकं दमट महिन्यांतच उभं राहणार.

मराठवाड्यासाठी आणखी एक गोष्ट. धाराशिव परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर. मे महिन्यात ४० अंश तापमानाला हवा इतकी विरळ होते की विमानाला ते १,७०० मीटर उंचीवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. ११० अश्वशक्तीचं दोन आसनी सेसना १५२ तासाला २२-२३ लिटरमध्ये भागवतं म्हणून स्वस्त वाटतं, पण दोन धडधाकट माणसं आणि भरलेली टाकी घेऊन मेच्या दुपारी ते रेंगाळतच चढेल. म्हणून उन्हाळ्यात शिकाऊ उड्डाणं भल्या सकाळी उरकतात.

परदेशात असाल तर

अमेरिकेत स्वतःचं विमान घेऊन शिकणं ही खरोखर चालणारी गोष्ट आहे. तिथे ‘पार्ट ६१’ खाली स्वतंत्र इन्स्ट्रक्टर तुमच्याच विमानात शिकवू शकतो. कमर्शियल लायसन्सला या मार्गाने २५० तास लागतात, मान्यताप्राप्त ‘पार्ट १४१’ शाळेतून १९०. भाड्याने दिलं जाणारं किंवा इन्स्ट्रक्टरने पुरवलेलं विमान दर १०० तासांनी तपासावं लागतं. स्वतःच्या विमानाला ती सक्ती नाही, वार्षिक तपासणी पुरते. जुन्या विमानांचा बाजार मोठा, इंधन जागोजागी, विकायला निघालं तर गिऱ्हाईक मिळतं.

पण हे तिथे स्थायिक असलेल्यांसाठी. अमेरिकी नोंदणी स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला व्हिसासाठी पात्र ठरलेल्या शाळेतच शिकावं लागतं आणि परदेशी विद्यार्थ्याला सुरक्षा तपासणीची मंजुरीही हवी. डॅलसला असलेल्या मामाने विमान घेतलं म्हणून भाचीचा सीपीएल त्यावर होईल असं नाही. आणि कुठूनही लायसन्स आणलं तरी भारतात नोकरीसाठी डीजीसीएकडून ते रूपांतरित करून घ्यावं लागतं, परीक्षा आणि तपासण्या आल्याच.

मग भाड्याने घेताना काय बघायचं?

खरं तर बेंबळीच्या वडिलांचा प्रश्न इथे सुरू व्हायला हवा. विमान घ्यायचं नाही हे ठरलं की ‘भाडं’ म्हणजे काय आणि ते कोणत्या अटींवर, हेच सगळं उरतं.

पहिली गोष्ट, फीचा एकूण आकडा विचारू नका. विचारा की रोज किती विमानं उडण्याच्या स्थितीत असतात आणि विद्यार्थी किती आहेत. माहितीपत्रकात दहा विमानांचे फोटो असतात. त्यातली चार सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्ये असू शकतात. तळावर स्वतः जा. ऑक्टोबर ते मेमधल्या एखाद्या साध्या दिवशी सकाळी सहा ते दहा कुंपणाबाहेर चहा घेत बसा आणि टेकऑफ मोजा. काउंटरवरच्या माणसापेक्षा हे मोजणं जास्त सांगून जातं. मागच्या बॅचच्या मुलांना एकच प्रश्न विचारा: २०० तास किती महिन्यांत झाले?

दुसरी, पैसे कधी द्यायचे. सगळी फी आधी भरली तर सवलत देतो असं काही ठिकाणी सांगतात. चार एकर विकून आलेले पैसे एका चेकमध्ये देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. करू नका. टप्प्यांनी द्या: सोलोपर्यंत, पहिल्या ५० तासांपर्यंत, असं. मध्येच सोडावं लागलं, मेडिकलमध्ये अडलं किंवा संस्थेचीच मान्यता थांबली, तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात आकड्याने लिहून घ्या. ‘नियमानुसार परतावा’ या शब्दांना अर्थ नाही.

तिसरी, पॅकेजमध्ये काय नाही. इंधनाचा दर वाढला तर फरक कोण देणार? २०० च्या वर तास लागले तर कोणत्या दराने? आणि लागतात बरं का. मध्ये महिनाभर उड्डाण झालं नाही की हात विसरतो, दोन-तीन तास जुनं परत गिरवण्यात जातात आणि तेही तुमच्या बिलावर. मल्टी-इंजिन रेटिंग वेगळं, त्याचं विमान महाग, त्याचं भाडंही महाग. लँडिंग शुल्क, तपासणी उड्डाण घेणाऱ्याची फी, परीक्षा फी हे सगळं विचारा.

चौथी, कुठल्या विमानावर शिकणार. डीजीसीएच्या परीक्षांत ‘टेक्निकल स्पेसिफिक’ हा पेपर विशिष्ट विमानावर असतो. मध्येच संस्थेने विमानाचा प्रकार बदलला किंवा तुम्ही संस्था बदलली तर नव्या विमानाची ओळख करून घेण्यात तास आणि पैसे दोन्ही जातात. काही ठिकाणी डायमंड डीए ४० चा डिझेल प्रकार आहे, तो जेट ए-१ वर चालतो. काही ठिकाणी रोटॅक्स इंजिनाची हलकी विमानं आहेत, ती तासाला १५ ते २० लिटरमध्ये भागवतात. भाड्याच्या दरातला फरक बऱ्याचदा इथून येतो, शिकवण्याच्या दर्जातून नव्हे.

डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणी लावायला सुरुवात केली आहे, ए डबल प्लसपासून सीपर्यंत. प्रवेशाआधी ती बघाच. पण श्रेणी बघून तळावर न जाणं म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र बघून पेरणी करणं.

आपल्या जवळ काय आहे?

धाराशिवला विमानतळ आहे. एमआयडीसीच्या या विमानतळासह लातूर, नांदेड, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ २००९ मध्ये खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्यावर दिले गेले. पण सीपीएलसाठी मराठवाड्यातल्या मुलांना सहसा बाहेरच जावं लागतं: बारामती, धुळे, शिरपूर, नागपूर, गोंदियाजवळचं बिरसी. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या संस्थांसाठी पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव, बेळगाव आणि कलबुर्गी होते. सोलापूरपलीकडचं कलबुर्गी बेंबळीकराला गोंदियापेक्षा कितीतरी जवळ. मात्र घराजवळची संस्था हा निकष शेवटचा ठेवा. होस्टेलवर राहायचंच आहे. हवामान, विमानं आणि इन्स्ट्रक्टर आधी.

इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्याच. जाहिरात निघते तेव्हा नजर हवी.

कर्जाचंही एक सांगून ठेवतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, त्यापुढे मागतात. ‘जमीन आहे की’ असं आपण म्हणतो, पण थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून अशा कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका बहुधा तयार होत नाहीत. बिगरशेती प्लॉट, घर किंवा मुदत ठेव विचारतात. यामुळेच ‘विकावीच लागेल’ अशी वेळ येते. निदान सगळी एकदम विकू नका. फी टप्प्यांत असेल तर पैसाही टप्प्यांत उभा करता येतो.

मग विमान विकत घेतं कोण?

शिकून झालेली माणसं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं. विमान विकत घेण्याची ऐपत त्या काळात ज्या थोड्यांची होती त्यांत ते नक्कीच होते, तरी शिकले ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये. ज्याला विमान परवडतं तोही आधी दुसऱ्याच्या विमानावर शिकतो, कारण पहिल्या शंभर लँडिंगमध्ये चाकं आणि नाकाचा दांडा सोसतात ते आपल्या विमानाने सोसू नयेत.

स्वतः बनवणारेही आहेत. मुंबईच्या कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याला माहीतच आहेत. त्यांच्या विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. ते आधी पेशाने पायलट होते, आणि नोंदणीसाठीच त्यांना अनेक वर्षं झगडावं लागलं. शिकण्याचा खर्च वाचवायचा हा मार्ग नव्हे.

विकत घ्यायचीच हौस असेल तर घरचा सिम्युलेटर घ्या. बरा कॉम्प्युटर, योक किंवा जॉयस्टिक, रडर पेडल आणि ‘एक्स-प्लेन १२’ किंवा मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’. यातला एकही तास डीजीसीएच्या २०० मध्ये धरला जात नाही आणि लँडिंगचा हात त्याने येत नाही. उलट स्क्रीनकडे बघायची खोड लागते, खऱ्या विमानात बाहेर बघायचं असतं. पण चेकलिस्ट, रेडिओवर बोलण्याचा क्रम, उपकरणांवरचं उड्डाण याचा घरी सराव केलेला विद्यार्थी १३,००० रुपयांचा तास या गोष्टी पाठ करण्यात घालवत नाही.

आणि वडिलांना एक विनंती. इसारपावती करण्याआधी मुलीचं मेडिकल करून घ्या. आधी क्लास २, मग लगेच क्लास १. कमर्शियल लायसन्सला क्लास १ लागतंच. रंग ओळखण्यात अडचण, कानाचा त्रास, एखादा जुना आजार हे इथेच कळतं. संस्थेत प्रवेश क्लास २ वर मिळतो, म्हणून पुष्कळ जण क्लास १ पुढे ढकलतात आणि वीस-पंचवीस लाख भरून झाल्यावर अडकतात. तिचं क्लास १ हातात आलं की मग कोटेशनचा कागद आम्हाला पाठवा. भाड्याचा तास कोणत्या मीटरवर मोजलाय ते आधी बघू.